सही करण्याआधी: मुलाला परदेशातल्या सुधार केंद्रात पाठवायला निघालेल्या पालकांना खुले पत्र

पालकहो,

घरातलं पंधरा-सोळा वर्षांचं मूल हाताबाहेर गेलंय आणि त्याला जमैका, मेक्सिको किंवा कोस्टारिकातल्या एखाद्या निवासी केंद्रात वर्ष-दोन वर्षं ठेवावं, असा विचार तुमच्या मनात पक्का होत आलाय. अमेरिकेतल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून नोकरी करताना तुमच्यासारखे आईवडील मी पुष्कळ पाहिले. हा निर्णय कोणी हौसेने घेत नाही. शाळेने नाव काढलेलं असतं, दप्तरात गोळ्या सापडलेल्या असतात, मुलीच्या मनगटावर ब्लेडच्या रेघा असतात, विमा कंपनीने थेरपीचे पुढचे पैसे नाकारलेले असतात. नवराबायकोत ‘तुझ्या लाडाने’ आणि ‘तुझ्या धाकाने’ हा वाद रोज रात्री होऊन गेलेला असतो. आपल्या मराठी घरांत आणखी एक भर पडते, ती म्हणजे हे कोणाला सांगायची सोय नसते. मुलगा ‘इंटरनॅशनल बोर्डिंग स्कूल’ला गेलाय, असं मंडळाच्या गणपतीत सांगून मोकळं होता येतं, ही या केंद्रांची न छापलेली जाहिरातच म्हणायची.

तेव्हा उपदेश बाजूला ठेवते. मुलाला तिकडे काही झालं तर ते तुम्हाला कळणार कसं, एवढ्या एकाच प्रश्नावर मला तुमच्याशी बोलायचं आहे.

इथे, अमेरिकेत, घरी, कळायच्या वाटा बऱ्याच आहेत. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर शिक्षकाने, डॉक्टरने, नर्सने ती सरकारला कळवलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. बालसंरक्षण विभाग आहे, तक्रारीसाठी हॉटलाइन आहे, बऱ्याच राज्यांत निवासी केंद्रांना परवाना लागतो आणि तपासणीला माणूस येतो. या व्यवस्थेला भोकं आहेत आणि अमेरिकेच्या भूमीवरच्या केंद्रांतही मुलं दगावली आहेत, त्याबद्दल पुढे लिहिते. तरी धोक्याची घंटा वाजवू शकतील अशी चार माणसं मुलाच्या आसपास असतात. विमान सुटलं की ही चारही माणसं मागे राहतात. राज्याचा परवाना तिकडे चालत नाही, हॉटलाइनचा हात तिकडे पोचत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तर पालकांसाठी लिहूनच ठेवलंय की अशा केंद्रांवर नियंत्रण ठेवण्याचा कोणताही अधिकार आपल्याला नाही. ज्या देशात केंद्र आहे त्या देशाच्या सरकारला अधिकार असतो, पण सगळी मुलं परदेशी, फी परदेशात भरलेली, शिकवणं इंग्रजीत, भोवती कुंपण, अशा ठिकाणी स्थानिक अधिकाऱ्याची पावलं सहसा वळत नाहीत.

अमेरिकन कंपनी, अमेरिकन मुलं, डॉलरमधली फी, मग केंद्र जमैकाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात कशाला? माहितीपत्रकात उत्तर असतं की निसर्ग आहे, शांतता आहे, गरिबी पाहून मुलांना आपल्या सुखाची जाणीव होते. खरी कारणं त्यापेक्षा रोकडी आहेत. पगार कमी द्यावे लागतात, पळून गेलेलं मूल बिनपैशाने आणि बिनपासपोर्टने फार लांब जात नाही आणि घरच्या कायद्याचा ससेमिरा सुटतो.

आता इतिहास पाहा, कारण तो अगदी अलीकडचा आहे. वर्ल्ड वाइड असोसिएशन ऑफ स्पेशल्टी प्रोग्रॅम्स अँड स्कूल्स, थोडक्यात ‘वॉस्प’, या युटातल्या संघटनेशी जोडलेली केंद्रं गेल्या शतकाच्या शेवटी देशोदेशी उघडली. मेक्सिकोतल्या कानकूनचं सनराइज बीच १९९६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी बंद केलं. झेक पोलिसांनी ब्रनोजवळच्या मोराव्हा अकॅडमीवर १९९८ मध्ये छापा घातला. त्याच सुमारास सामोआतलं पॅराडाइज कोव्ह गाजलं आणि बंद पडलं. मेक्सिकोतल्याच एन्सेनादाच्या कासा बाय द सी या केंद्रातून २००४ च्या सप्टेंबरमध्ये पाचशेहून अधिक अमेरिकन मुलं बाहेर काढली गेली. अत्याचाराचे सगळे आरोप संघटनेने कायम नाकारले, हेही नोंदवायला हवं. पण एका देशात दार बंद झालं की तीच मुलं, तीच पद्धत आणि कधीकधी तेच कर्मचारी दुसऱ्या देशात दिसत, ही गोष्ट नाकारण्याजोगी नाही.

यातली कोस्टारिकाची हकीकत जरा सविस्तर सांगते. ओरोतिना गावाजवळ एका जुन्या हॉटेलात डंडी रँच अकॅडमी चालायची. २००३ च्या मे महिन्यात कोस्टारिकाच्या बालकल्याण संस्थेचे आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे लोक तिथे गेले आणि मुलांना जमवून त्यांनी त्यांचे हक्क सांगितले. या देशात तुम्हाला तुमच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवता येत नाही, मारहाण करता येत नाही, आईवडिलांशी बोलायचा तुम्हाला अधिकार आहे, इतकंच. एवढं ऐकल्यावर केंद्र कोसळलं. मुलं सैरावैरा धावली, कितीतरी जण कुंपणाबाहेर पळाले, आणि काही दिवसांत ते बंद झालं. मालकाला अटक झाली, खटला चालला, २००७ मध्ये तो निर्दोष सुटला. निकाल काहीही असो. नुसते हक्क वाचून दाखवल्यावर जी संस्था एक दुपारसुद्धा टिकत नाही, तिची भिंत कशावर उभी होती याचा विचार पालकांनी करावा.

सर्वांत जास्त काळ चाललं ते जमैकाच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातलं ट्रँक्विलिटी बे, १९९७ ते २००९. ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला २००३ मध्ये तिथे आत जाऊ दिलं होतं, त्यामुळे तिथली दिनचर्या आरोप-प्रत्यारोपांच्या पलीकडे जाऊन कळते. वर्षाची फी २५ ते ४० हजार डॉलर. मुलांच्या सहा पायऱ्या. पहिल्या पायरीवरच्या मुलाने परवानगीशिवाय बोलायचं नाही, उठायचं नाही. घरी फोन तिसऱ्या पायरीनंतर, आणि तिथे पोचायला कित्येक महिने लागत. वरच्या पायरीवर जायचं तर खालच्यांच्या चुका पकडून द्यायच्या. आणि शिक्षेची एक खोली होती, तिचं नाव ‘ऑब्झर्व्हेशन प्लेसमेंट’. तिथे मुलाने फरशीवर पालथं पडून राहायचं, तोंड जमिनीकडे, हात अंगालगत, शेजारी पहारेकरी. दर तासाला थोडा वेळ अंग मोकळं करायचं, की पुन्हा पालथं. ‘पश्चात्ताप झाला’ असं पहारेकऱ्यांना वाटेपर्यंत हे चालायचं, कोणाच्या बाबतीत दिवसचे दिवस, कोणाच्या बाबतीत आठवडे. हे कोणी चोरून उघडकीला आणलेलं नव्हतं. केंद्राला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

या सगळ्या काळात मुलांची पत्रं घरी जात होती आणि फोटो जात होते. मग आईवडिलांना कळलं कसं नाही?

त्याचं उत्तर प्रवेशाच्या वेळी पालकांच्या हाती देतात त्या कागदांत आहे. ही पुस्तिका तुमच्याकडेही आली असेल तर आत्ता काढून वाचा. त्यात बहुधा अशा अर्थाचा मजकूर असतो: पहिल्या काही आठवड्यांत तुमचा पाल्य जेवण वाईट असल्याचं, मारहाण होत असल्याचं, आजारी असल्याचं लिहील. घरी परत येण्यासाठी तो तुम्हाला भावनिक जाळ्यात ओढेल. त्याला बळी पडू नका, खंबीर राहा. शंका आली तर आमच्या प्रतिनिधीला फोन करा.

हा मजकूर काय करतो ते बघा. मुलाने अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही आणि ते खोटं ठरलेलं आहे. त्याने तक्रार केली तर तो लबाड, म्हणजे उपचाराची गरज आहेच. त्याने तक्रार केली नाही तर उपचार लागू पडतोय. तिसरी शक्यताच शिल्लक ठेवलेली नाही. बाकीच्या घंटा विमानाने मागे टाकल्या होत्या. उरलेली एक तुमच्या हातात होती, तिची तार तुमच्याच सहीने तोडून घेतली जाते. मुलांनाही हे पंधरा दिवसांत उमगतं. पत्र कर्मचाऱ्यांच्या हातून जाणार, तक्रार लिहिली तर पायरी खाली जाणार. मग पत्रं बदलतात. ‘तुम्ही मला इथे पाठवलंत त्याबद्दल मी आभारी आहे, माझ्या चुका मला कळल्या’ अशी एकाच साच्यातली वाक्यं येऊ लागतात आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. एका आईने मला असं पत्र कौतुकाने दाखवलं होतं. तिच्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग कधी धड जमलं नव्हतं, आणि त्या पत्रात एकही चूक नव्हती.

करारावर दोन शब्द. तो शंभर टक्के वाचा, आणि स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या, केंद्राने सुचवलेल्या नव्हे. ट्रँक्विलिटी बेच्या करारात मुलाच्या ताब्याचे ४९ टक्के हक्क पालक केंद्राला देत असत. बळाचा वापर करायची परवानगी, इजा झाल्यास भरपाई न मागण्याची हमी, टपाल उघडण्याची मुभा, मध्येच काढून नेल्यास फी परत नाही, ही कलमं या व्यवसायात नेहमीची. मूल घरातून उचलून नेणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट’ कंपनीचा कागद वेगळा असतो. त्यावर तुम्ही सही केलीत तर पहाटे चारला दोन दांडगे अनोळखी पुरुष तुमच्या मुलीच्या खोलीत शिरतील आणि ‘सोपी वाट की अवघड वाट’ असं विचारतील. तुम्ही दारात उभे असाल. पुढे ती कितीही सुधारली तरी त्या पहाटेचं काय करायचं, हे माहितीपत्रकात नसतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये पारहॅम विरुद्ध जे. आर. या खटल्यात मुलाला मनोरुग्णालयात ठेवण्याचा पालकांचा अधिकार मोठ्या प्रमाणात मान्य केला. पालकांच्या बाजूचा निकाल म्हणून तो ओळखला जातो. पण त्यातही कोर्टाने एक अट घातली, की दाखल करण्याआधी त्रयस्थ वैद्यकीय माणसाने मुलाला तपासावं आणि गरज नसेल तर दाखल करायला नकार देण्याची मुभा त्या तपासणाऱ्याला असावी. तुमच्या मुलाला ‘योग्य उमेदवार’ ठरवणारा माणूस मात्र बहुतेक वेळा फोनवरचा विक्रेता असतो. त्याने मूल पाहिलेलं नसतं.

या विक्रेत्यांचं काम अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी विभागाने, म्हणजे जीएओने, २००८ मध्ये उघड केलं. त्यांच्या लोकांनी खोटे पालक बनून फोन केले. मुलाला कुठे पाठवावं याचा सल्ला देणाऱ्या एका सेवेला तीन वेगवेगळ्या मुलांची तीन वेगवेगळी वर्णनं सांगितली, आणि तिन्ही वेळा सल्ला आला तो मिसुरीतल्या एकाच बूट कॅम्पचा, म्हणजे लष्करी शिस्तीच्या शिबिराचा. तो कॅम्प त्या सल्लागार बाईंच्या नवऱ्याचा होता. हे इतकं फिल्मी आहे की कथेत कोणी लिहिलं तर संपादक कापून टाकेल. म्हणून ‘एज्युकेशनल कन्सल्टंट’ अशी पाटी लावलेल्या माणसाला पहिला प्रश्न पैशाचा विचारा: या केंद्राकडून तुम्हाला काही मिळतं का, लेखी सांगा. आणि केंद्र ज्या ‘समाधानी पालकां’चे नंबर देतं त्यांनाही तोच प्रश्न. वॉस्पच्या केंद्रांत नवीन कुटुंब आणून देणाऱ्या पालकांना फीमध्ये सवलत मिळत असे.

कायदा येईल आणि सगळं ताळ्यावर आणेल, अशी वाट पाहत बसू नका. जीएओने ऑक्टोबर २००७ मध्ये संसदेपुढे साक्ष दिली. एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांनी मिळून निवासी केंद्रांतल्या १,६१९ कर्मचाऱ्यांचा अत्याचाराच्या घटनांत सहभाग असल्याचं कळवलं होतं. मृत्यू पावलेल्या १० किशोरांची प्रकरणं त्यांनी खोलात जाऊन तपासली होती. आजाऱ्याला ढोंगी समजणं हा धागा त्यांत पुन्हा पुन्हा येतो. उलट्या करणाऱ्या, चालता न येणाऱ्या मुलाला कर्मचारी ‘नाटक’ म्हणत राहिले आणि मूल गेलं. तोच लबाडीचा शिक्का, या वेळी पालकांऐवजी कर्मचाऱ्यांच्या डोक्यात. त्यानंतर प्रतिनिधिगृहाने २००८ आणि २००९ अशी दोनदा विधेयकं मंजूर केली, दोन्ही सेनेटमध्ये अडकून मेली. पॅरिस हिल्टन यांनी स्वतः किशोरवयात अशा केंद्रांत काढलेल्या दिवसांबद्दल जाहीर बोलायला सुरुवात केल्यावर विषय पुन्हा उचलला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज’ कायदा झाला. चांगली गोष्ट आहे. पण त्यात आहे काय, तर नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या सल्लागार संस्थेकडून अभ्यास आणि शिफारसी. बंदी नाही, परवान्याची सक्ती नाही. जमैकातल्या कुंपणाआड काय चाललंय ते बघायला या कायद्याने कोणी जाणार नाही.

आणि ही जुनी गोष्ट झाली, आता तसं राहिलेलं नाही, असं कोणी म्हणालं तर २०२४ च्या फेब्रुवारीकडे बोट दाखवा. सेंट एलिझाबेथ परगणा, ट्रेझर बीच, म्हणजे ट्रँक्विलिटी बेचाच परिसर. तिथल्या अ‍ॅटलांटिस लीडरशिप अकॅडमीतून जमैकाच्या बालसंरक्षण संस्थेने ८ अमेरिकन मुलगे बाहेर काढले. अमेरिकन दूतावासाचे लोक आणि जमैकाचे अधिकारी न सांगता तिथे पोचले होते, म्हणून ते घडलं. कर्मचाऱ्यांवर मारहाणीचे गुन्हे दाखल झाले. त्यातल्या काही मुलांना न्यायला घरून लगेच कोणी आलं नाही. परक्या देशाच्या कोर्टाला त्यांची सोय लावावी लागली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. काही मुलं सुधारून येतात की! येतात, मी नाकारत नाही. ‘त्या केंद्राने माझा जीव वाचवला’ असं शपथेवर सांगणारी मोठी झालेली माणसं आहेत. त्यांना खोटं पाडायचा मला अधिकार नाही. फक्त एक जुना प्रयोग सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये ५०० हून अधिक मुलगे निवडून त्यांच्या सारख्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला वर्षानुवर्षं मदत: घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काही नाही. मारहाण नाही, कोंडणं नाही, चांगल्या मनाने केलेली मदत. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश लोक म्हणाले की आम्हाला खूप फायदा झाला. आकडे उलटं सांगत होते. गुन्हे, दारू, आजार यांत मदत मिळालेले मुलगे आपल्या जोडीदारांपेक्षा वाईट निघाले. पुढे थॉमस डिशन आणि मॅकॉर्ड यांनी १९९९ मध्ये मांडलं की सर्वांत जास्त नुकसान दिसलं ते एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्या मुलांत. बिघडू पाहणारी मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांची शाळा घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही बूट कॅम्प आणि भीती घालणारे कार्यक्रम उपयोगाचे नाहीत, उलट बिघडवू शकतात, असाच निष्कर्ष काढला. तेव्हा पाचवीस कृतज्ञ माणसांच्या व्हिडिओवरून निर्णय घेऊ नका. त्यांची कृतज्ञता खरी असू शकते आणि कार्यक्रम तरीही घातक असू शकतो.

शिवाय सुधारणा आणि शरणागती बाहेरून सारख्याच दिसतात. पायऱ्या चढून आलेलं मूल घरी ‘हो आई, हो बाबा’ करतं. घरात सहा महिने शांतता असते. ज्या घरांत मी हे जवळून पाहिलं तिथे नंतर मूल घर सोडून गेलं, किंवा घरात राहूनही आईवडिलांशी बोलेनासं झालं. मारापेक्षा त्यांना जास्त सलायचं ते वेगळंच: मी लिहिलं होतं, तुम्ही विश्वास ठेवला नाहीत.

मग करायचं काय? याचं उत्तर केंद्राच्या माहितीपत्रकाइतकं देखणं नाही. आधी निदान. ‘बिघडलेला मुलगा’ हे निदान नाही. त्यामागे नैराश्य असतं, एडीएचडी असतो, ऑटिझम असतो, कोणी केलेला लैंगिक अत्याचार असतो, नुसतं व्यसन असतं. बालमनोविकारतज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्या. आधीच औषधं चालू असतील तर तिकडे ती कोण लिहून देणार, हे नावानिशी विचारा. नैराश्यावरच्या गोळ्या एका दिवसात तोडता येत नाहीत. हिंसक किंवा गुन्ह्याकडे वळलेल्या मुलासाठी मल्टिसिस्टेमिक थेरपी नावाची पद्धत आहे. त्यात थेरपिस्ट तुमच्या घरी येतो, रात्री-बेरात्री फोन उचलतो, आणि तीन ते पाच महिने मुलाबरोबर तुमच्यावरही काम करतो. (हे शेवटचं बऱ्याच बापांना आवडत नाही, हे मला माहीत आहे.) स्वतःला इजा करणाऱ्या मुलीसाठी मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी, किशोरांसाठीची. जीव द्यायची भाषा आली तर ९८८ हा अमेरिकेतला मदतीचा नंबर किंवा सरळ इमर्जन्सी. आणि खरंच घराबाहेर ठेवण्याची वेळ आली तर आपल्याच राज्यात, परवाना असलेलं, गाडीने जाऊन येता येईल असं ठिकाण शोधा. तेही तपासून घ्या, पण तिथल्या घंटा निदान जोडलेल्या असतात.

एवढं वाचूनही परदेशी पाठवायचंच ठरलं असेल तर केंद्राला एक अट घाला: मुलाशी मी मला वाटेल तेव्हा, एकांतात, कोणी न ऐकता फोनवर बोलणार, आणि न कळवता भेटायला येणार. हे करारात लिहून घ्या. टाळाटाळ झाली, ‘उपचाराच्या दृष्टीने सुरुवातीला योग्य नाही’ असं गोड उत्तर आलं, की समजा तुम्हाला हवी ती माहिती मिळाली. चांगल्या रुग्णालयाला या अटीची अडचण व्हायचं कारण नाही.

नवराबायको वेगळे झालेले असतील आणि दुसरा पालक परस्पर मुलाला पाठवेल अशी भीती असेल तर लक्षात ठेवा, १६ वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. मुलाच्या नावाने पासपोर्टचा अर्ज आला तर तुम्हाला कळवणारी परराष्ट्र खात्याची सूचना योजनाही आहे. त्यात नाव आजच नोंदवा.

आणि ज्यांचं मूल आधीच तिकडे आहे, त्यांच्यासाठी. त्या देशातल्या अमेरिकन दूतावासाच्या नागरिक सेवा विभागाला कळवा आणि मुलाचा ‘वेल्फेअर चेक’, म्हणजे मूल सुखरूप आहे ना याची खातरजमा, मागा. व्हिएन्नाच्या १९६३ च्या करारानुसार वाणिज्य दूत आपल्या नागरिकाला भेटू शकतात. त्यांनी मुलाला कर्मचाऱ्यांपासून वेगळं घेऊन बोलावं, असं स्पष्ट सांगा. मूल अमेरिकन नागरिक नसून भारतीय पासपोर्टवर असेल तर भारतीय दूतावास, हे घाईत विसरायला होतं. त्या देशाच्या बालसंरक्षण संस्थेलाही ईमेल करा. अ‍ॅटलांटिसमध्ये शेवटी तीच कामी आली. केंद्राच्या प्रतिनिधीला यातलं काही आधी सांगू नका. मग केंद्राला फोन करून मुलाशी आत्ता बोलायचंय म्हणा. फोनवर आला की ‘कसा आहेस’ विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मराठी येत असेल तर मराठीत बोला, आणि असे प्रश्न विचारा ज्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल. शेजारी कोणी बसलंय का? स्पीकर चालू आहे का? कोणी हात उचलला का? तुला न्यायला यायला हवं का? मराठीत बोलायला मनाई केली, मध्येच फोन काढून घेतला, किंवा मूल ‘हो’ म्हणालं, तर त्याच दिवशी तिकीट काढा, मुलाच्या पासपोर्टची प्रत आणि जन्मदाखला बरोबर घ्या आणि केंद्रात जाण्याआधी दूतावासात जा.

आपली,
एक निवृत्त शालेय समुपदेशक